सोफ्यापुढं उरलेली जागा

नागपूरच्या धरमपेठेत माणसानं साठी ओलांडली की तो सकाळी अंबाझरीवर फिरायला जाऊ लागतो, आणि तिथून महिनाभरात कुठल्या तरी आयोजन समितीत ओढला जातो. कार्यक्रमांना इथं तोटा नाही. पाडवा झाला की रामनवमी, तेव्हा शोभायात्रेसाठी चौकाचौकात स्वागत मंच. मग तान्हा पोळा, गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट, आणि थंडीत स्नेहसंमेलनांचा हंगाम. या प्रत्येकाला स्टेज लागतं. स्टेज आलं की ते कसं असावं हा प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की धरमपेठेत त्याची उत्तरं समितीच्या सदस्यसंख्येपेक्षा दोनतीननं जास्त निघतात.

सभागृहं नाहीत म्हणाल तर तसंही नाही. सिव्हिल लाइन्सला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, शंकरनगरला साई सभागृह आहे, आणि लांब जायची तयारी असेल तर रेशीमबागेत २०१७ साली उघडलेलं कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. पण सभागृहात स्टेज आधीच बांधलेलं असतं. त्याची लांबी, उंची, तोंड कुठल्या दिशेला, यावर कुणाला काही बोलायला जागाच नाही. समितीच्या नजरेतून हा फार मोठा दोष आहे. शिवाय भाडं. तेव्हा दोन बैठकांनंतर ठरतं ते नेहमीचंच : आपल्याच बगीच्यात, मोकळ्या हवेत, ‘घरगुती वातावरणात’. आणि बिछायतवाल्याला फोन जातो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पुण्या-मुंबईकडं ज्याला मंडप-डेकोरेशन म्हणतात त्याला आमच्याकडं बिछायत केंद्र म्हणतात. चमच्यापासून शामियान्यापर्यंत सगळं तिथं मिळतं. आमचे बिछायतवाले भाऊ या धंद्यात इतकी वर्षं आहेत की कुठलाही कार्यक्रम त्यांना नव्यानं समजावून सांगावा लागत नाही. मागच्या दिवाळी पहाटेच्या वेळी ते आले, बगीच्याला एक चक्कर मारली आणि विचारलं,

“साहेब, सोफे किती?”

सचिव म्हणाले, “अहो, आधी स्टेजचं बोला. शास्त्रीय गायन आहे, मग मुलींचं कथक आहे...”

“ते होऊन जाते साहेब. तुम्ही सोफे सांगा. सोफे समजले का स्टेज आपोआप निघते.”

सचिवांना हे उद्धट वाटलं. मला मात्र त्या एका वाक्यात आपल्याकडच्या रंगमंचव्यवस्थेचा सगळा पाया सापडला. पुस्तकी नियम असा की स्टेजवर काय होणार ते आधी ठरवावं : बसून गाणं, उभं राहून भाषण, की नाच, की नाटक. त्यावरून उंची, खोली, जमीन, दिवे. आपला नियम असा की स्टेजवर कोण बसणार ते आधी ठरवावं. जे व्हायचं ते उरलेल्या जागेत होतं.

हिशेब मांडून पाहा. दोघांचा सोफा म्हणजे पाच फूट. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, ज्यांच्या सौजन्यानं ते, ज्यांच्या शुभहस्ते ते, आणि ज्यांना नाही बोलावलं तर पुढच्या वर्षी बगीचा मिळणार नाही ते. चार सोफे झाले, म्हणजे वीस फूट. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडले की चोवीस. हे झालं लांबीचं. आता खोली. सोफ्यांच्या मागून शाली आणि स्मृतिचिन्हं घेऊन एक मुलगी सतत ये-जा करणार, तिला दोन फूट. सोफ्याला तीन फूट. पुढं टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि कुणीही न खाल्लेले काजू, दोन फूट. त्यापुढं सत्काराला वावरायला तीन फूट. दहा झाले. स्टेज चोवीस बाय सोळाचं घेतलं तर पुढं सहा फूट उरले, त्यातले दोन फूट मॉनिटर स्पीकर आणि कुंड्यांनी खाल्ले. राहिलेल्या चार फुटांत आठ मुली कथक करणार. त्यांच्या बाई तालमीला आल्या, जागा पाहिली आणि काही न बोलता तिहाईतल्या चकरा कमी केल्या.

बरं, उद्घाटन झाल्यावर सोफे खाली उतरवता येत नाहीत का? येतात. पण मान्यवर आधी उतरले पाहिजेत ना. निवेदिका गोड आवाजात विनंती करते, “मान्यवरांनी कृपया प्रेक्षकांत स्थानापन्न व्हावं.” मान्यवर एकमेकांकडं पाहतात. पहिला कोण उठणार? जो उठला त्याचं वजन कमी. शेवटी एखादे सज्जन उठतात, पायऱ्या उतरून पहिल्या रांगेपाशी येतात, तर तिथं कुणाच्या तरी माहेरची माणसं स्थिरावलेली. खुर्च्यांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवलेले होते, ते पोह्यांच्या तर्रीचे हात पुसायला कामी आलेले असतात. सज्जन परत वर जाऊन बसतात.

त्यातून बिछायतीचा सगळा साठा लग्नाच्या हिशेबानं घेतलेला. सोनेरी नक्षी, लाल मखमल, पाठीला मोर. परवा एका वाचनालयाच्या कार्यक्रमात अध्यक्षीय भाषण करणारे वयोवृद्ध समीक्षक त्या खुर्चीत असे काही दिसत होते की समोरून एक आजी हातात पाकीट घेऊन पायऱ्या चढायला निघाल्या होत्या.

समितीत एक निवृत्त अभियंते आहेत. ते बांधकाम खात्यात होते आणि आजही कुठल्याही लाकडी वस्तूवर बसण्याआधी तिला टिचकी मारतात. त्यांनी बैठकीत आयएस ८७५, भाग २ काढला. त्या मानकाप्रमाणं जिथं माणसं दाटीनं उभी राहणार तिथली जमीन दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो भार सोसणारी हवी. ते म्हणाले, “म्हणजे एका चौरस मीटरवर ७ पदाधिकारी.” सगळे हसले. पण स्टेज मोडतं ते गाण्यानं नाही, नाचानंही नाही. मोडतं ते शेवटच्या ग्रुप फोटोनं, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आभारप्रदर्शन झालं की निवेदिका “सर्व कार्यकर्त्यांनी मंचावर यावं” म्हणते, आणि तोवर कुठंच न दिसलेले कार्यकर्ते चारी बाजूंनी वर येतात. फोटोग्राफर “आणखी थोडं मधे, मधे” करत सगळ्यांना नेमकं दोन तख्तांच्या जोडावर आणतो. अभियंत्यांनी बिछायतवाल्या भाऊंना विचारलं, “तुमच्या तख्ताखाली आधार किती अंतरावर?” भाऊ म्हणाले, “साहेब, मागच्या महिन्यात याच तख्तावर वऱ्हाड नाचलं.” अभियंत्यांनी वहीत काही लिहिलं. पुढं ते कार्यक्रमभर स्टेजच्या डाव्या कोपऱ्यापाशी वाकून बसले होते. लोकांना वाटलं त्यांची कंबर धरली.

उंचीबद्दल मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण यावर कुणी बोलतच नाही. स्टेज जितकं उंच तितका कार्यक्रम मोठा, अशी एक समजूत आहे. ती राजकीय सभांवरून आली असावी. तिथं मैदानात माणसं उभी असतात, लांबवर असतात, आणि नेत्याला हात हलवायचा असतो. तिथं सहा फूट ठीकच. बगीच्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. स्टेज चार फुटांचं केलं तर पहिल्या रांगेला गायिका दिसत नाही. दिसतो हार्मोनियमचा मागचा भाग आणि माइकच्या स्टँडचा पाया. दोन फुटांचं केलं तर मांडी घालून बसलेल्या गायिकेचं डोकं कसंबसं पुढच्याच्या डोक्यावर येतं, पण तिसऱ्या रांगेपासून तबलजी नाहीसा होतो. नुसता आवाज येतो, माणूस नाही. म्हणून बसून गाणाऱ्यांसाठी तीन फूट, किंवा अडीच फुटांचं स्टेज आणि त्यावर मधोमध फूटभर उंचीची गादी-तक्क्यांची बैठक, हे उत्तम. नाचाला अडीच पुरे, कारण पाय दिसले पाहिजेत. आणि नाचाला गुळगुळीत कारपेट नको. ताणून बसवलेलं प्लाय हवं, आणि त्यावर कुणीतरी अनवाणी चालून एकेक खिळा तपासायला हवा.

हे सगळं मी बैठकीत मांडलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साडेतीन करा. बॅनर मोठा आहे.”

आता दिशा. या विषयावर एक संपूर्ण संध्याकाळ गेली आणि चहाचे तीन थर्मास. वास्तुशास्त्रवाल्या काकूंचं म्हणणं, पाहुण्यांचं तोंड पूर्वेला हवं. पण ही दिवाळी पहाट. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावू देत नाहीत, त्यामुळं आपली ‘पहाट’ सहाच्या पुढंच उजाडते. आणि सव्वासहा-साडेसहाला खरोखरीचा सूर्य येतो, तो थेट मान्यवरांच्या डोळ्यांत. त्यांना काळा चष्मा द्यावा तर फोटो कसा यायचा? उलट बाजूला तोंड केलं तर ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत. उत्तरेला केलं तर मागं ज्यांचा बंगला आहे त्यांच्या फाटकापाशी जनरेटर येतो, आणि त्यांच्या नातीची परीक्षा आहे. ती वर्षभर असतेच. दक्षिणेला केलं तर कडुलिंब मध्ये येतो. कडुलिंब आमच्या आधीपासून तिथं आहे आणि समितीतला एकमेव निःपक्षपाती घटक आहे.

या सगळ्यात खरा मुद्दा बिछायतवाल्या भाऊंनीच काढला. “पोह्याचा स्टॉल कुठं लावून राहिले?” सगळे गप्प. “साहेब, पब्लिकच्या नजरेसमोर पोहे ठेवू नका. तर्रीची भांडी उघडली का गाणं खतम.” आणि हे अनुभवाचे बोल होते. एका वर्षी स्टॉल स्टेजच्या डाव्या हाताला होता. भैरवीपर्यंत स्टेजवर सूर लावणारे आणि खाली चमचे वाजवणारे अशी सरळ जुगलबंदी झाली, आणि टाळ्या कुणाला पडल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून नियम असा : प्रेक्षकांची पाठ पोह्यांकडं. वाराही त्याच बाजूनं वाहणारा नको, पण ते आपल्या हातात नाही.

एलईडी भिंतीचा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण माझं मत पूर्वग्रहदूषित आहे. पूर्वी नाटक मंडळींकडं रंगवलेले पडदे असत : राजवाडा, अरण्य, रस्ता. तीन पडद्यांत सगळं जग. आता मागं आख्खी भिंत उजळते. तिच्या झोतापुढं गायिका काळ्या सावलीसारखी दिसते, म्हणून समोरून आणखी दिवे मारायचे, म्हणून आणखी जनरेटर. विठ्ठलाचा अभंग चालू होता तेव्हा आमच्या भिंतीवर बर्फाळ डोंगर आणि त्यातून जाणारी लाल आगगाडी होती. ऑपरेटर पोरगा म्हणाला, “भक्तीचं फोल्डर ओपन नाही होऊन राहिलं काका.” शेवटी भिंतीचा सगळ्यात चांगला उपयोग उन्हाच्या बाजूला आडोसा म्हणून झाला.

पण स्टेजनं माणसाला खरा घाम फोडावा तो तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात. भोसल्यांच्या काळापासूनची नागपूरची ही रीत. बैलाला चाकं असतात, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड, आणि दुसऱ्या टोकाला दोरी धरलेलं, धोतर-फेटा नेसवल्यामुळं रडकुंडीला आलेलं पोर. स्पर्धा असते, त्यामुळं प्रत्येक बैल स्टेजवर येऊन परीक्षकांपुढून गेला पाहिजे. पण स्टेजला पायऱ्या चार आणि बैलाला चाकं चार. पहिल्या बैलाच्या वेळी बापानं बैल उचलला, आईनं पोर उचललं. दुसरा बैल पोरापेक्षा मोठा होता. तो वर चढवायला बैलाचे काका, मामा आणि एक अनोळखी गृहस्थ लागले. तिसऱ्याचं पुढचं चाक पायरीच्या फटीत गेलं आणि स्पर्धेतला नंदी गुडघ्यावर आला. परीक्षकांना ती नमस्काराची मुद्रा वाटली. त्यांनी त्यालाच पहिलं बक्षीस दिलं.

यावर उपाय साधा होता : एका बाजूला उतार. फळ्यांचा, जरा लांब, चढायला सोपा, कडेला हाताला धरायला दांडी. आम्ही तो केला. म्हणजे बैलांसाठी केला. पण त्या दिवशी बक्षीस वाटायला आलेल्या आजींनी पायऱ्यांकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ उतारानं वर आल्या. मागोमाग गुडघेदुखीचे दोन माजी अध्यक्ष आले. मागोमाग तबलजी, दोन्ही हातांत तबला-डग्गा घेऊन. आता आमच्याकडं दर कार्यक्रमात उतार असतो आणि बिछायतवाले भाऊ बिलात त्याला ‘बैलाची पाटी’ लिहितात. खाली सन्माननीय वक्त्यांना कार्यकर्ता हात देतो आणि म्हणतो, “सर, या, बैलाच्या पाटीवरून.” वक्ते बाहेरगावचे असले तर क्षणभर थांबतात.

हे सगळं चाललेलं असताना मला राहून राहून वाटतं की मराठी माणसाला स्टेजचं कळत नाही असं कोण म्हणेल? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून आपण हा उद्योग करतो आहोत. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आलं ते फिरता रंगमंच घेऊनच. कोर्ट फिरून घर आणि घर फिरून कोर्ट. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त रिकाम्या रंगमंचावर एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. आमच्याकडं बरोबर उलट : भरलेल्या रंगमंचावर बारा माणसं बसवूनही एकाचंही पात्र उभं राहत नाही. याच धरमपेठेच्या महाविद्यालयात महेश एलकुंचवार इंग्रजी शिकवत होते, आणि १९८५ साली रंगमंचावर आलेल्या त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त अंगणात गंजत पडलेल्या एका ट्रॅक्टरवरून अख्ख्या घराण्याची कळा समजते. आमच्या बगीच्यातही एक जुना सोफा वर्षभर पडलेला आहे. त्यावरून आमचीही कळत असणार.

आणखी पूर्वेला जा. वडसा देसाईगंजच्या बाजूला झाडीपट्टीची नाटकं थंडीत रात्रभर चालतात. गावाच्या मोकळ्या जागेत कनात, तात्पुरता मंच, पडदे, खाली बसलेलं गाव, आणि पहाटेपर्यंत नाटक. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथं तिकीट काढून आलेला प्रेक्षक थंडीत कुडकुडत बसतो तो नाटकासाठी. मधे चार सोफे ठेवून पाहा म्हणावं. आणि गाडगेबाबा तर गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री तिथंच कीर्तनाला उभे राहत. त्यांना कुणी विचारलं नसावं की बाबा, तोंड कुठल्या दिशेला करू.

हे मी एकदा बैठकीत बोलून दाखवलं. कोषाध्यक्ष म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे. पण गाडगेबाबांना प्रायोजक नव्हते.”

दिवाळी पहाट तशी छानच झाली. गायिकेनं ललत लावला तेव्हा त्या बंगल्यातली परीक्षावाली नातसुद्धा गच्चीत येऊन उभी होती. मुलींनी चार फुटांत कथक केलं आणि एकीचाही हात काजूच्या बशीला लागला नाही. ग्रुप फोटोच्या वेळी तख्तानं एकदा कुरकुर केली. अभियंत्यांनी खालून हात वर केला, त्यावर वरच्यांनी हसून हात हलवले.

आठवड्यानं बिल आलं. चोवीस बाय सोळाचं स्टेज, कनात, झालर, खुर्च्या, बैलाची पाटी, चार सोफे. हे सगळं ठरल्याप्रमाणं. त्याखाली निळ्या पेननं आणखी एक ओळ होती : ‘ऐनवेळचे मान्यवर – सोफे २’. कोषाध्यक्षांनी चष्मा वर केला. हे कुणी मागवले? कुणीच नाही. बिछायतवाले भाऊ म्हणाले, “साहेब, मी गाडीत दरवेळी दोन जास्तीचे आणतोच. लागतेच ना.” मग अर्धा तास चर्चा रंगली ती पैसे द्यायचे की नाही यावर नाही, ते तर द्यायचेच होते. प्रश्न होता हा खर्च कुठल्या खाती टाकायचा. सांस्कृतिक म्हणावं तर संस्कृती त्यात बसत नाही, सत्कार म्हणावं तर त्यांचा सत्कार करायचा राहूनच गेला होता. कोषाध्यक्षांनी शेवटी ते ‘आपत्कालीन’मध्ये टाकले, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तिथं दोनाचे चार केले.